सहाव्या मशीनचा सांधा

रायभान गडदेला किळस फार. कोणी बशीतला चहा आवाज करत ओढला की हा उठून बाहेर जायचा. जिन्याच्या कोपऱ्यात पानाची पिचकारी दिसली की तिकडं पाठ करून पायऱ्या चढायचा. ऑफिसातले लोक जिभेला बोट लावून रजिस्टरची पानं उलटायचे, म्हणून हा तीच पानं पेन्सिलीच्या टोकानं उलटायचा. सेलूच्या दुधनातीर जिनिंग संघात त्याला सगळे 'सोवळा धनगर' म्हणायचे आणि म्हणून झालं की हसायचे. हसू येण्यासारखं होतंच. सोनपेठकडच्या खेड्यात मेंढरांच्या वाड्यातच त्याचं लहानपण गेलेलं. लेंड्या तुडवत, मेंढरांच्या मुताच्या वासात जो वाढला, त्याला माणसाच्या थुंकीची एवढी शिसारी कशी, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, मेंढरू मुद्दाम घाण करत न्हाई.

एवढं एक वाक्य सोडलं तर माणूस अबोल. बाप ग्यानबा आयुष्यभर मेंढरांमागं फिरला; रायभानला मेंढरांपेक्षा रेडिओ आवडायचा. गावातल्या बंद पडलेल्या रेडिओचं पोट उघडून तो तासन् तास बसायचा. तिथून परभणीचं आयटीआय, मग सेलूच्या एका दुकानात रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती, मग औरंगाबादला जाऊन सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स. हे सगळं त्यानं कोणाला न विचारता, न सांगता केलं. एक्क्याण्णव साली संघानं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, तेव्हा आसपास त्या यंत्रातलं काही कळणारा हा एकच माणूस सापडला आणि चेअरमन किशनरावांनी त्याला बोलावून घेतलं. किशनराव वाईट माणूस नव्हते. चांगलं वागायचाही त्यांच्यावर कधी प्रसंग आला नव्हता.

संघानं घेतलं ते असं: एक मोठं मशीन, त्याला सर्व्हर म्हणायचं, आणि सहा लहान मशीनं. कापसाची गाडी आली की तिचा नंबर, गाव, वजन, कापसाची प्रत, सगळं या लहान मशीनवर टाइप करायचं. पण या सहा मशीनांना स्वतःची डिस्कच नव्हती. बटण दाबलं तरी त्यांना काही आठवत नसे, कारण आठवायला आत काही नव्हतंच. प्रत्येकात एक कार्ड, कार्डावर एक नंबर, आणि त्या नंबरापुरती अक्कल. मशीन चालू केलं की ते वायरवर हाक टाकायचं, की अमुक नंबर जागा झालाय, त्याला चालायला शिकवा. वायर एकच. ती सर्व्हरपासून निघून एका मशीनातून दुसऱ्यात ओवत गेलेली. त्यामुळं ही हाक सगळ्यांना ऐकू जायची, पण उत्तर द्यायचा सर्व्हर. तो आपल्या यादीत तो नंबर बघायचा आणि मशीन ज्याच्यावर चालतं ती सगळी प्रणाली वायरीवरून पाठवून द्यायचा. याला म्हणायचं बूट होणं. संघाच्या दारावर 'बूट बाहेर काढावेत' अशी पाटी होती, तेव्हा पहिले आठ दिवस या शब्दावर जे विनोद झाले ते इथं सांगण्यात अर्थ नाही.

मशीनं घ्यायला मंजुरी देणाऱ्या खात्याची अट होती. सहाही मशीनं एकदम चालू करायची, सहाही सर्व्हरवरून बूट झाली पाहिजेत, आणि हे औरंगाबादहून येणाऱ्या तपासणी साहेबांनी डोळ्यांनी बघितलं पाहिजे. त्या दिवशी ज्याच्यासमोरचं मशीन उठेल, त्याचं नाव ऑपरेटर म्हणून कायम होणार. सहांतले पाच जण संघातलेच जुने कारकून होते. त्यांना मशीन मिळालं नसतं तरी खुर्ची होती. सहावी सुमनबाई वाव्हळे. तिच्याकडं सहा महिन्यांचा तात्पुरता हुकूम होता आणि तो तपासणीच्याच आठवड्यात संपत होता. मशीन उठलं तर नोकरी, नाही तर घर.

सुमनबाईचं वय पंचविशीच्या आतबाहेर. घर बौद्धांचं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव जे पेटलं, त्यात तिच्या घराचं छप्पर गेलं आणि आई कोंडाबाई पोरीला घेऊन गाव सोडून परभणीला आली. तिथं पोरीनं टायपिंगच्या परीक्षा दिल्या, मराठीच्याही आणि इंग्रजीच्याही. संघात तिच्या जोडीनं टाइप करणारं कोणी नव्हतं. ती रोज गाडीनं परभणीहून यायची. कामावर आली त्या पहिल्या दिवशी ती व्हरांड्यातल्या माठातलं पाणी प्याली. दुसऱ्या दिवशी तिथं नवा माठ होता. तिसऱ्या दिवसापासून ती घरून पाण्याची बाटली आणायला लागली आणि टेबलाखाली ठेवायला लागली. रायभाननं हे सगळं बघितलं. त्याला इतकी किळस आली की त्या नव्या माठातलं पाणी त्यानंही सोडलं. पण कोणी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, माठ नवा आहे, मातीचा वास येतो. रायभानची किळस ही अशी होती. नाकापर्यंत यायची, जिभेपर्यंत येत नसे.

मशीनं यायला महिनाभर वेळ होता आणि आली की लगेच तपासणी. तेवढ्या दिवसांत सहा माणसांना हे प्रकरण समजवायचं कसं? रायभाननं युक्ती काढली. मशीनं नाहीत तर खोटी मशीनं करायची, माणसांचीच. रुईच्या गोदामात त्यानं एक लांब दोरी ताणली, सहा जणांना ओळीनं दोरी धरून उभं केलं, प्रत्येकाला एका नंबराची चिठ्ठी दिली आणि स्वतः टोकाला खोक्यावर सर्व्हर होऊन बसला. ज्यानं त्यानं आपला नंबर मोठ्यानं म्हणायचा. बाकीच्यांनी ऐकायचं पण हलायचं नाही. सर्व्हरनं यादी बघून त्या नंबराचं पाकीट दोरीला अडकवून पुढं सरकवायचं, आणि ज्याचं पाकीट त्यानंच काढून घ्यायचं. मधल्या कोणी दोरी सोडली की खेळ बंद. रोज दुपारी हा खेळ चालायचा आणि हमाल कामं टाकून बघायला यायचे. खरं मशीन एकही न येता रायभाननं त्यात कितीतरी चुका पकडल्या. दोघांना एकच नंबर, यादीत नसलेला नंबर, दोघांनी एकाच वेळी मारलेली हाक. माणूस त्या दिवसांत चक्क खूश दिसायचा.

मग त्याच्या तोंडून एक शब्द गेला आणि त्यानं सगळ्याची माती केली.

झालं असं, की हेडक्लार्क दिनकररावांच्या डोक्यात हे काही केल्या शिरेना. दिनकरराव म्हणजे सेलूच्या शिवारात साठ एकर काळी, बोटांत तीन अंगठ्या, आणि बशीतून चहा ओढायला लागले की आवाज पार वजनकाट्यापर्यंत जायचा. मशीनच्या आत काहीच नाही तर येतं कुठून, हा त्यांचा प्रश्न. रायभाननं चार वेळा सांगून बघितलं. पाचव्या वेळी बेजार होऊन म्हणाला, "असं समजा, सर्व्हर मंजे विहीर. वायर मंजे पाट. सहा जण पाटावर बसलेत अन् ज्याला त्याला लागंल तेवढं पाणी घ्यायलेत."

दिनकररावांचा चेहरा उजळला. पाट त्यांना समजत होता. त्यांनी विहिरीपासून, म्हणजे रायभानच्या खोक्यापासून, दोरीवरून नजर फिरवत आणली. आधी दोन कारकून, मग सुमनबाई, मग ते स्वतः.

"मग आमच्या वर कोण भरायलंय?" त्यांनी विचारलं.

गोदामात कोणी हसलं नाही. जे विचारलं ते सगळ्यांना कळलं होतं. सुमनबाई दोरी धरून तशीच उभी राहिली. रायभानला बोलायचं होतं ते अगदी साधं होतं, की वायरला वर नसतं आणि खाली नसतं, पाट ही नुसती सांगायची सोय. हे त्याला पाठ होतं, पुस्तकात वाचलेलं होतं. पण तसं बोललं की दिनकररावांना तोंडावर बोलल्यासारखं होतं. तेव्हा त्यानं हुशारी केली. वायरला वर-खाली नसेलच, तर कोण कुठं बसला म्हणून बिघडतं काय, असा विचार करून तो म्हणाला, "तुमचं मशीन पैलं ठेवू, सर्व्हरला लागून. सुमनबाईंचं सगळ्यात शेवटी."

आणि मनातल्या मनात तो दिनकररावांना हसला, की घ्या, नसलेला मान घ्या. त्याला वाटलं आपण त्यांना फसवलं. फसला होता तो. वायरीला जे नव्हतं ते वर-खाली त्यानंच दिनकररावांच्या हातात दिलं होतं, आणि वर सर्व्हरवाल्याचा शिक्का मारून दिलं होतं.

सुमनबाई दोरीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. खेळ संपून बाकीचे चहाला गेले तेव्हा तिनं रायभानला एक प्रश्न विचारला. शेवटच्या मशीनपासून वायर पुढं जात नाही, मग ते तोंड उघडंच राहतं का? रायभानला बरं वाटलं. महिनाभरात इतका नेमका प्रश्न कोणी केला नव्हता. त्यानं सांगितलं की तिथं एक टोपी बसवायची असते. टोपी नसली तर हाक उघड्या टोकाला आपटून उलटी फिरते, बाकीच्यांच्या हाकांत मिसळते आणि मग कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही.

ती म्हणाली, "भाऊ, हे दिनकररावांना सांगू नका."

रायभान हो म्हणाला. पण त्याला शिकवताना काही गाळता येत नसे. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता टोपी आली, टोपीच्या मागोमाग उलटी फिरणारी हाकही आली. दिनकररावांनी ते दोनदा सांगायला लावलं. म्हणजे खालचं वर येतं तर, असं ते स्वतःशीच म्हणाले. सुमनबाईनं रायभानकडं बघितलं आणि मान फिरवली. त्याला तेव्हा वाटलं, एवढं काय झालं.

मशीनं आली. रायभाननं वायर ओवली, सांधे पिळून घट्ट केले, शेवटी टोपी लावली. तपासणीच्या दिवशी सकाळी सातला येऊन त्यानं सहाही मशीनं एकदम चालू करून बघितली. सहाही उठली. दोनदा बंद करून पुन्हा चालू केली, पुन्हा उठली. मग तो स्टेशनवर साहेबांना घ्यायला गेला. गाडी उशिरा आली. साहेबांना घेऊन तो परतला तोवर अकरा वाजत आले होते आणि मधल्या वेळात दिनकररावांनी मशीनांची पूजा उरकली होती.

खोलीत शिरताच रायभानच्या अंगावर काटा आला. की-बोर्डवर हळदीकुंकू, पडद्यावर ओलं गंध, सर्व्हरच्या पंख्याशी उदबत्ती. खोबऱ्याचे तुकडे एका मॅन्युअलवर. त्यानं रुमाल काढून पुसायला सुरुवात केली. पाच मशीनं पुसून तो सहाव्याशी आला तर त्याला कुंकू नव्हतं. खालची फरशी मात्र ओलसर होती. फरशी पुसली असेल, असं त्याला वाटलं. सुमनबाई तिथं खुर्चीत बसली होती, हात मांडीवर ठेवून. ती समोर बघत होती.

साहेबांनी घड्याळ बघून मान हलवली. सहा जणांनी सहा बटणं दाबली. सहाही पडद्यांवर आधी आपापला नंबर आला, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग एक एक करत तीच ओळ उमटत गेली: एरर फाइंडिंग सर्व्हर. म्हणजे हाक मारली, उत्तर आलं नाही. किशनराव रायभानकडं बघायला लागले. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

रायभान घाबरला नाही. या कामात तो घाबरत नसे. वायर एक असली की बिघाड शोधायची एक सरळ रीत असते. शेवटची टोपी काढायची आणि पहिल्याच मशीनपाशी लावायची. चालू केलं. दिनकररावांचं मशीन उठलं. मग टोपी दुसऱ्याशी. दोन्ही उठली. तिसऱ्याशी, चौथ्याशी, पाचव्याशी. पाचही उठली. सहावं परत जोडलं की सहाही मेली. रीत बरोबर होती, हात बरोबर चालत होते, आणि टोपी एकेक मशीन पुढं सरकत असताना खोलीतल्या माणसांच्या नजराही तिच्याबरोबर सरकत होत्या. शेवटी त्या येऊन सुमनबाईवर थांबल्या. रायभानला हे दिसलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानं तपासणी केली होती आणि तपासणीनं सगळ्यांसमोर बोट दाखवलं होतं.

"खोट शेवटालाच हाय. मी पैल्यापासून मनत होतो," दिनकरराव म्हणाले.

रायभान सहाव्या मशीनच्या मागं वाकला आणि त्यानं सांधा पिळून उघडला. आतून दोन थेंब त्याच्या बोटावर आले. पिवळसर. त्यानं बोट नाकाशी नेलं आणि त्याला कळलं. गोमूत्र होतं. शिंपडलं नव्हतं, सांध्यात ओतलं होतं. खालचं वर येऊ नये म्हणून पाटाच्या तोंडाशी शुद्धी करून ठेवली होती.

जन्मभर ज्याला मुताची किळस आली नाही, मेंढराच्या, बकरीच्या, गाईच्या, कोणाच्याच, त्याला ती त्या क्षणी आली. घशापर्यंत आली. त्यानं मान वर केली. दिनकरराव थेट त्याच्याकडं बघत होते, नजर चुकवत नव्हते. बाकीचे कारकून मात्र खाली बघत होते. ते सगळे पूजेला होते. सगळ्यांना माहीत होतं. किशनरावांनाही.

साहेबांनी विचारलं, काय झालंय. रायभान म्हणाला, सांध्यात ओल गेलीय. कशाची, असं साहेबांनी विचारलं.

रायभानला कायम करायचा कागद तेव्हा किशनरावांच्या टेबलावर होता, सहीवाचून. हे त्याला त्या वेळी आठवलं असं तो पुढं कधी कबूल करायचा, कधी नाही. आपण त्याचं मन उकरत बसायचं कारण नाही. तो जे बोलला ते सगळ्यांनी ऐकलं.

"पाण्याची," तो म्हणाला.

साहेब वाकले. टेबलाखाली सुमनबाईची बाटली होती. ही कोणाची, असं त्यांनी विचारलं आणि ती म्हणाली, माझी. मग ती खुर्चीतून उठली, रायभानच्या हातातून तो सांधा तिनं घेतला आणि साहेबांपुढं धरला.

"साहेब, बाटली भरलेली हाय, झाकण उघडून बघा. अन् ते पाणी न्हाई. वास घ्या."

साहेबांनी खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. म्हणजे वास त्यांना आला होता. मग दोन पावलं मागं जाऊन ते म्हणाले, "बाई, मशीनजवळ पाणी ठेवायची परवानगी नसते." आणि त्यांनी आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

रायभाननं स्पिरिटच्या बोळ्यानं सांधा आतून पुसला, पंख्याखाली वाळवला, परत जोडला. दहा मिनिटांत सहाही मशीनं उठली. सहावंही उठलं, सगळ्यांसारखंच, हिरव्या अक्षरांत. सुमनबाई त्याच्यासमोर बसून होती. रायभान धावत शेजारच्या खोलीत सांगायला गेला. तिथं साहेब आणि दिनकरराव समोरासमोर बसून चहा घेत होते, दोघंही बशीतून, आणि आवाज दोघांचाही सारखाच येत होता. साहेब म्हणाले, पाच मशीनं यशस्वी असा अहवाल झालाय, आता एका मशीनसाठी कागद कोण बदलणार. तुमचं काम उत्तम आहे, असंही म्हणाले.

शनिवारी सुमनबाईचा हुकूम संपला. तिनं आपली बाटली घेतली, खुर्ची टेबलाला लावली आणि स्टेशनचा रस्ता धरला. जाताना तिनं सगळ्यांना नमस्कार केला, रायभानलाही केला, आणि त्याला तो कानशिलात बसल्यासारखा वाटला. सोमवारी किशनरावांनी सांगितलं, सर्व्हरच्या यादीतून त्या बाईचा नंबर काढून टाक, कोणी उगाच चालू करायला नको. यादीतला नंबर काढताना मशीन विचारतं, खरंच काढायचा का? हो किंवा नाही दाबायचं असतं. रायभाननं हो दाबलं. त्याच आठवड्यात त्याच्या कागदावर सही झाली.

त्यानंतर त्याची किळस जास्तच वाढली, असं संघातले लोक म्हणायला लागले. दिवसातून दहा वेळा हात धुवायचा. जेवणाचा डबा घेऊन गोदामाच्या मागं जाऊन बसायचा. दिनकररावांनी हातात दिलेला कागद चिमटीत धरायचा. लोक हसायचे आणि त्याला ते हसणं ऐकून बरंच वाटायचं, कारण लोकांना अजून वाटत होतं की त्याला दुसऱ्यांची किळस येते.

कापसाचा मोसम भरात आला. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायला लागली. पाचांतल्या चार मशीनांवर चार कारकून एका बोटानं अक्षरं शोधत बसायचे आणि गाडीवाले उन्हात शिव्या द्यायचे. पाचव्यावर दिनकररावांनी तर धूळ बसू नये म्हणून कापडाचं टोपडं घालून ठेवलं होतं. त्यांच्या वाट्याचं काम बाकीचे चौघे करायचे. तेव्हा किशनरावांनी रायभानला बोलावून सांगितलं, त्या वाव्हळेबाईला घेऊन ये. टायपिंग चांगलं होतं. नवा हुकूम काढू, काय ते बघू. त्यांनी हे अशा आवाजात सांगितलं की जणू ती बाई वरच्या फळीवर ठेवलेली एखादी फाइल होती.

सुमनबाई परभणीला एका टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवत होती. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, पंधरा-वीस टाइपरायटर, आणि खडखडाट इतका की दारात उभं राहून बोललेलं आत ऐकू जात नव्हतं. रायभान दिसल्यावर तिनं पोरींना एक उतारा करायला दिला आणि त्याला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. त्यानं निरोप सांगितला. कायम करतील असं स्वतःच्या पदरचंही जोडलं. ती ऐकत होती.

"आधी एक कागद लिहून द्या," ती म्हणाली. "त्या दिवशी सांध्यात काय होतं, अन् तुमी साहेबाला काय सांगितलं. हातानं लिहा, टाइप नको. खाली दस्तखत करा. मग बोलू."

तिनं एक कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढं ठेवलं आणि ती पोरींच्या रांगांतून फिरायला गेली. रायभान कागदाकडं बघत बसला. उठून जाता आलं असतं. दार उघडंच होतं. बऱ्याच वेळानं त्यानं तारीख घातली आणि लिहिलं, की सहाव्या मशीनच्या सांध्यात गोमूत्र ओतलेलं होतं. हे एवढं अवघड गेलं नाही. पुढची ओळ लिहायला त्याला बराच वेळ लागला. 'हे मला वासावरून कळले होते. तरी मी साहेबांना पाणी असे सांगितले.' मग सही.

सुमनबाई परत आली. तिनं कागद उभ्यानं दोनदा वाचला. मग त्याच्यापुढं ठेवून एका शब्दावर बोट टेकवलं. "गोमूत्रातला मू दीर्घ हाय," ती म्हणाली. रायभाननं तो दुरुस्त केला. तिनं कागदाची बारीक घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"मग सोमवारपासून येता ना?" त्यानं विचारलं.

"न्हाई. मला नोकरी हाय. हे पाहिजे होतं."

हा कागद आता कोणाकोणाला दाखवणार, असं त्यानं विचारलं, आणि विचारतानाच त्याला आपल्या आवाजाची शिसारी आली. ती त्याच्याकडं बघत राहिली. तिला त्याचा राग आला असावा असं काही दिसत नव्हतं.

"दाखवायचा कोणाला? खोलीतल्या सगळ्यांना मालूमच होतं, भाऊ. एकाच्या तरी हातानं लिवलेलं पाहिजे होतं."

उतारा संपला होता. पोरी हात थांबवून वाट बघत होत्या. ती त्यांच्याकडं वळली आणि पुढचा उतारा सांगायला लागली. रायभान जिना उतरून खाली आला. दुपारच्या गाडीनं तो सेलूला पोचला आणि सरळ किशनरावांच्या खोलीत जाऊन त्यानं सांगितलं की बाई येत नाहीत. किशनराव कागदांवर सह्या करत होते. बरं, असं म्हणून त्यांनी पुढचा कागद ओढला. बाई का येत नाहीत हे त्यांनी विचारलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही म्हणून रायभाननं सांगितलं नाही.